टीव्हीचा पैसा आटला म्हणून संघ मोडायचा का? मिनेसोटा ट्विन्स या अमेरिकी बेसबॉल संघाच्या २०२३ ते २०२५ या तीन मोसमांविषयी

मिसिसिपीकाठ:

३१ जुलै २०२५ रोजी, खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपत आली असताना, मी पोळ्या लाटत होते आणि माझी मुलगी ओट्याला टेकून फोनवर येणारी एकेक बातमी मोठ्याने वाचत होती. योहान दुरान आदल्या दिवशीच फिलाडेल्फियाला गेला होता. त्यामागोमाग ग्रिफिन जॅक्स, विली कॅस्ट्रो, डॅनी कूलम, हॅरिसन बेडर, ब्रॉक स्टुअर्ट अशी यादी लांबतच गेली. कार्लोस कोरेयाचे नाव आले तेव्हा ती क्षणभर थांबली, पण लुई वार्लँडचे नाव वाचल्यावर तिने फोन ओट्यावर उपडा ठेवला आणि उठून आत गेली. वार्लँड हा नॉर्थ सेंट पॉलच्या शाळेतून खेळत वर आलेला इथलाच मुलगा, आणि किमान पगाराच्या हिशेबात तर तो अजून कित्येक वर्षे संघाला स्वस्तात मिळणार होता. त्या आठवड्यात ट्विन्सनी मुख्य संघातले दहा खेळाडू दुसऱ्यांच्या हवाली केले. शेवटच्या इनिंग्जसाठी राखलेले पिचर (चेंडू टाकणारे), म्हणजे ज्याला बुलपेन म्हणतात, ते तर जवळजवळ सगळेच गेले. मोसम ७० विजय आणि ९२ पराभवांवर संपला.

या सगळ्याचे कारण म्हणून गेली दोन वर्षे आम्हाला एकच गोष्ट सांगितली जाते: प्रादेशिक क्रीडावाहिनीकडून मिळणारा पैसा आटला. ही गोष्ट खरी आहे आणि ती मी नाकारत नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. टीव्हीचा जुना पैसा अशा असंख्य घरांतून येत होता ज्यांनी सामना कधी लावलाही नाही. तो पैसा गेल्यावर क्लबला आता प्रत्येक प्रेक्षकाच्या दारात स्वतः जाऊन वर्गणी मागावी लागते, आणि त्या वर्गणीच्या बदल्यात दाखवण्यासारखी एकच वस्तू त्याच्याकडे आहे, ती म्हणजे मैदानावरचा संघ. नेमक्या अशा वेळी संघ मोडणे म्हणजे पेरणीच्या तोंडावर बियाणे विकण्यासारखे आहे.

ऑक्टोबर २०२३ आठवा. मोसमानंतरच्या बाद फेरीत, म्हणजे प्लेऑफमध्ये, सलग अठरा सामने हरलेल्या या संघाने ३ ऑक्टोबरला टोरांटोला ३–१ असे हरवले. रॉइस लुइसने पहिल्या दोन वेळा बॅट हाती घेतली आणि दोन्ही वेळा होमरन मारला. दुसऱ्या दिवशी सनी ग्रेने सेकंड बेसवर उभ्या असलेल्या व्लादिमिर गरेरो ज्युनियरला अचानक मागे वळून चेंडू फेकत बाद केले. टार्गेट फील्ड या आमच्या मैदानावर त्या क्षणी इतका गोंगाट होता की धावणाऱ्याला त्याच्याच प्रशिक्षकाची हाक ऐकू येणे कठीण होते. मी तिथे होते. आमच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ बडवत होते. प्रेक्षकांनी मिळवून दिलेली ती विकेट होती, असे मी क्रिकेटच्या भाषेत म्हणेन. त्यानंतर महिना उलटतो न उलटतो तोच पगारांत कपात होणार असल्याचे जाहीर झाले, आणि ती कपात सुमारे ३ कोटी डॉलरांवर गेली. सर्वोत्तम पिचरसाठीच्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात दुसरा आलेला ग्रे तीन वर्षांच्या साडेसात कोटींच्या करारावर सेंट लुइसला गेला, केंटा मायेदा डेट्रॉइटला गेला, होर्हे पोलांकोला सिअॅटलला दिले. त्या व्यवहारात आलेला अँथनी डिस्क्लाफानी हाताच्या शस्त्रक्रियेमुळे २०२४ मध्ये एकही चेंडू टाकू शकला नाही.

यावर तुमचे काय मत आहे ते जाणून घ्यायचे आहे. विशेषतः ज्यांना जमाखर्चाची बाजू कळते त्यांनी लिहावे.

लालबागकर:

मी मुंबईत बसून पहाटे सामने पाहतो, त्यामुळे एक मूलभूत प्रश्न विचारतो. आयपीएलमध्ये २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना मंडळाने एकगठ्ठा विकले आणि त्यातला वाटा सगळ्या संघांना मिळतो. चेन्नईचे सामने चेन्नईच्या वाहिनीला आणि मुंबईचे मुंबईच्या वाहिनीला, असा प्रकार आपल्याकडे नाही. मग बेसबॉलमध्ये एका संघाचा टीव्हीचा पैसा आटतो आणि दुसऱ्याचा आटत नाही, हे कसे?

जमाखर्च:

लालबागकर, तुमच्या प्रश्नातच सगळ्या दुखण्याचे मूळ आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मेजर लीगचे (म्हणजे या तीस संघांच्या लीगचे) देशपातळीवरचे करार, म्हणजे फॉक्स किंवा ईएसपीएनवर दिसणारे सामने आणि वर्ल्ड सिरीज ही अंतिम मालिका, यांचा पैसा तीसही क्लबांत सारखा वाटला जातो. परंतु मोसमात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, आणि त्यांतले बहुतेक सामने त्या त्या भागातल्या वाहिनीवर दाखवले जातात. त्यांचे हक्क क्लब स्वतः विकतो. लॉस एंजेलिस डॉजर्सचा स्थानिक करार २५ वर्षांचा आणि ८३५ कोटी डॉलरांचा आहे. ट्विन्सना बॅली स्पोर्ट्स नॉर्थ या प्रादेशिक वाहिनीकडून शेवटच्या वर्षी साधारण ५.४ कोटी डॉलर मिळत होते. स्थानिक उत्पन्नाचा ४८ टक्के भाग सामाईक निधीत टाकून तो समान वाटण्याची पद्धत आहे खरी, पण दरी इतकी रुंद आहे की तेवढ्याने ती बुजत नाही.

आता हा पैसा येत होता कुठून, ते पाहा. समजा एका प्रदेशात दहा लाख घरांत केबल आहे आणि केबल कंपनी प्रत्येक बिलातून क्रीडावाहिनीसाठी दरमहा पाच डॉलर वळते करते. वर्षाचे सहा कोटी डॉलर झाले. त्या दहा लाखांपैकी सामने पाहणारी घरे दीड-दोन लाखच असली तरी बाकीचे लोक न पाहताच पैसे भरतात, कारण वाहिन्यांचा गठ्ठा एकत्र घ्यावा लागतो. धागाकर्त्या ताईंनी जे लिहिले आहे ते इथवर अगदी बरोबर आहे.

पुढे लोकांनी केबल तोडायला सुरुवात केली. डिस्नेने फॉक्सचा बराचसा व्यवसाय विकत घेतला तेव्हा सरकारच्या अटीमुळे त्यांना २१ प्रादेशिक क्रीडावाहिन्या विकाव्या लागल्या, आणि २०१९ मध्ये सिंक्लेअर या कंपनीने त्या सुमारे १,०६० कोटी डॉलरांच्या मूल्याला घेतल्या. त्यातला मोठा भाग कर्जाचा होता. हे कर्ज ज्या उपकंपनीच्या डोक्यावर ठेवले तिचे नाव डायमंड स्पोर्ट्स ग्रुप. २०२१ मध्ये वाहिन्यांना बॅली स्पोर्ट्स हे नाव मिळाले, आणि मार्च २०२३ मध्ये ८०० कोटी डॉलरांहून अधिक कर्ज घेऊन डायमंड ह्यूस्टनच्या दिवाळखोरी न्यायालयात उभी राहिली. विहीर आटते आहे हे दिसत असताना त्यांनी तिच्यावर कर्ज काढून आणखी एक मोटर बसवली होती, एवढाच या व्यवहाराचा अर्थ आहे.

ट्विन्सचे दुर्दैव असे की त्यांचा करार नेमका २०२३ च्या अखेरीस संपत होता. २०२४ साठी त्यांनी त्याच वाहिनीशी कमी रकमेचा एका वर्षाचा करार केला. २०२५ पासून सामन्यांचे प्रक्षेपण मेजर लीग स्वतः करते आणि ट्विन्स टीव्ही या नावाने त्या मोसमाची वर्गणी ९९.९९ डॉलर ठेवली. आता साधा गुणाकार करू. गेलेले ५.४ कोटी नुसत्या या वर्गणीतून भरून काढायचे असतील तर ५ लाख ४० हजार वर्गणीदार लागतील. मिनेसोटात सगळी मिळून घरे आहेत साधारण २३ लाख. म्हणजे जवळजवळ दर चौथ्या घराने पैसे भरले पाहिजेत, आणि तरीही कॅमेरे, समालोचक, निर्मिती हा खर्च वेगळाच. कितीही चांगला संघ उभा केला तरी हे होणार नाही. म्हणून क्लबने पगार कमी केले याला मी पाप म्हणणार नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मक्याचे शेत:

मी आयोवात डि मॉइनजवळ राहतो. आमच्या राज्यात मेजर लीगचा एकही संघ नाही, पण सहा संघांनी आयोवा हे आपले क्षेत्र म्हणून राखून ठेवले होते: ट्विन्स, ब्रूअर्स, कब्ज, व्हाइट सॉक्स, कार्डिनल्स आणि रॉयल्स. मेजर लीगच्या अॅपची वर्षाची वर्गणी भरूनही या सहांपैकी कोणाचाही सामना लावला की पडद्यावर काळी पाटी येत असे, कारण स्थानिक वाहिनीचे हक्क जपायचे होते. आणि त्यांतल्या कित्येक वाहिन्या माझ्या केबलवर नव्हत्याच. वडील पुण्याहून उन्हाळ्यात चार महिने येऊन राहत. त्यांना ट्विन्सच्या जो मावरचा खेळ फार आवडायचा. टार्गेट फील्ड माझ्या घरापासून गाडीने चार तासांवर आहे, आणि तिथला सामना त्यांना बघता यायचा नाही. पुण्यात परत गेल्यावर मात्र तोच सामना त्याच अॅपवर ते विनासायास पाहत.

जमाखर्च, तुमचा गुणाकार बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट धरलेली नाही. वीस वर्षे ज्यांना बघू दिले नाही त्यांच्यापैकी किती जण आज वर्गणी भरायला राहिले असतील? मी २०२५ मध्ये पहिल्याच दिवशी भरली. माझा मुलगा आता सोळा वर्षांचा आहे आणि तो बास्केटबॉल पाहतो, कारण त्याच्या वाढत्या वयात बेसबॉल आमच्या घरात दिसतच नव्हता.

मिसिसिपीकाठ:

मक्याचे शेत, तुमच्या वडिलांची हकीकत वाचून वाईट वाटले. आमच्याकडेही २०२४ मध्ये काही वेगळे घडले नाही. १ मे रोजी कॉमकास्टने डायमंडच्या वाहिन्या बंद केल्या, आणि त्या पुन्हा सुरू झाल्या १ ऑगस्टला. मिनियापोलिस आणि सेंट पॉलमध्ये बहुतेकांची केबल हीच. एप्रिलच्या शेवटी ट्विन्सनी सलग बारा सामने जिंकायला सुरुवात केली होती, डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बाकावर, शुभशकुनाचे एक सॉसेज हातोहात फिरत होते, सगळ्या गावात त्याची चर्चा होती, आणि ती लाट ऐन भरात असताना पडदा काळा झाला. त्या तीन महिन्यांत मी रेडिओवर सामने ऐकले. रेडिओवर बेसबॉल ऐकण्यात स्वतःची एक गोडी आहे, पण माझ्या मुलीच्या मैत्रिणींपैकी एकीनेही रेडिओ लावला नाही.

जमाखर्च, तुमचा हिशेब मी मान्य करते. ५.४ कोटी परत येणार नाहीत. पण केबल आणि सॅटेलाइटवाले ट्विन्स टीव्हीसाठी अजूनही पैसे देतात, तेव्हा सगळा भार शंभर डॉलरांच्या वर्गणीवर नाही. शिवाय हिशेबात दाराशी जमणारा गल्लाही धरायला हवा. २०२३ मध्ये टार्गेट फील्डवर जवळजवळ १९ लाख ७० हजार प्रेक्षक आले होते. २०२५ मध्ये हा आकडा १८ लाखांच्याही खाली गेला. दोन लाख माणसे कमी आली. तिकीट, पार्किंग आणि खाणेपिणे मिळून माणशी चाळीसच डॉलर धरले तरी ८० लाख डॉलर झाले. एका चांगल्या रिलीफ पिचरचा वर्षाचा पगार त्यात सहज निघतो. आणि २०२३ च्या त्या ऑक्टोबरनंतर हा आकडा वाढायला हवा होता, हे विसरू नका.

सागरकिनारा:

मी सॅन डिएगोला राहते, त्यामुळे दुसऱ्या एका क्लबची हकीकत सांगते. आमचा संघ पाद्रेस आणि बॅली स्पोर्ट्स यांचा करार २०३२ पर्यंत होता आणि त्यातून वर्षाला सुमारे ६ कोटी डॉलर मिळायचे. मे २०२३ च्या अखेरीस डायमंडने हप्ता चुकवला, आणि ३१ मेपासून, म्हणजे भर मोसमात, प्रक्षेपण मेजर लीगने हातात घेतले. त्या वर्षापुरती कराराच्या ८० टक्के रकमेची हमी लीगने दिली, पुढे तीही नाही. तेव्हा आमच्या संघाचे पगार मेजर लीगमधल्या सर्वांत मोठ्या तीन-चार संघांत होते. माचादोला ११ वर्षांचे ३५ कोटी, बोगार्ट्सला ११ वर्षांचे २८ कोटी, टाटीसला १४ वर्षांचे ३४ कोटी. आणि नोव्हेंबरमध्ये मालक पीटर साइडलर वारले. ज्या माणसाने हे सगळे करार मनापासून केले होते तोच गेला. पेट्को पार्क या आमच्या मैदानाच्या दाराशी लोकांनी फुले ठेवली होती. मीही ठेवली.

म्हणजे टीव्हीचा खड्डा आमचा मोठा होता आणि कपातही आमची मोठी झाली. पण ती कशी झाली ते पाहा. डिसेंबरमध्ये हुआन सोटोला यांकीजकडे पाठवले. त्याचा करार एकाच वर्षाचा उरला होता आणि त्या वर्षाचा त्याचा पगार ३ कोटींच्या वर जाणार होता. त्याच्या बदल्यात मायकेल किंग आला, काइल हिगाशिओका आला, आणि ड्रू थॉर्प नावाचा तरुण पिचर आला, ज्याला मार्चमध्ये पुढे करून आम्ही शिकागोकडून डिलन सीझ मिळवला. २०२४ मध्ये किंगने २०१ जणांना स्ट्राइकआउट केले आणि सीझने वॉशिंग्टनमध्ये नो-हिटर टाकला, म्हणजे समोरच्या संघाला एकही हिट मिळू दिली नाही. सेंटर फील्डची जागा रिकामी होती, तर वीस वर्षांच्या जॅक्सन मेरिलला, जो आयुष्यभर शॉर्टस्टॉप खेळला होता, सरळ तिथे उभे केले. वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात तो पॉल स्कीन्सच्या मागोमाग दुसरा आला. संघाने ९३ सामने जिंकले आणि प्लेऑफमध्ये डॉजर्सना पाचव्या सामन्यापर्यंत नेले. मैदानात ३३ लाखांहून अधिक लोक आले, तोवरचा आमचा उच्चांक.

त्यामुळे मला वाटते की कपात झाली की नाही, यापेक्षा कोणाला सोडले आणि त्याच्या जागी कोणाला उभे केले यावर बोलले पाहिजे. पोलांको देऊन ट्विन्सनी जे मिळवले त्यात त्या वर्षी मैदानावर कोण उभे राहिले?

जमाखर्च:

सागरकिनारा, तुमचे उदाहरण चांगले आहे, पण एक फरक ध्यानात घ्या. सॅन डिएगोतून २०१७ मध्ये फुटबॉलचा चार्जर्स संघ निघून गेला. शहरात बेसबॉलखेरीज मोठ्या लीगचा दुसरा संघ बराच काळ नव्हता. मिनियापोलिसमध्ये व्हायकिंग्ज आहेत, टिंबरवुल्व्ज आहेत, वाइल्ड आहेत. एप्रिलमध्ये इथे बर्फ पडते. ३३ लाखांचा गल्ला इथे स्वप्नातही नाही.

शिवाय क्लबवर ४० कोटी डॉलरांहून अधिक कर्ज असल्याचे वृत्त होते. पोहलाड कुटुंबाने १९८४ मध्ये घेतलेला हा क्लब ऑक्टोबर २०२४ मध्ये विक्रीला काढला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये विक्री रद्द करून अल्पांश भागीदार आणले. ज्याच्यावर कर्ज आहे त्याला धनको विचारणारच.

डोमचे दिवस:

मी १९८६ पासून इथे आहे. १९८७ ची वर्ल्ड सिरीज पाहिली, १९९१ ची पाहिली. शेवटच्या सामन्यात जॅक मॉरिसने दहाच्या दहा इनिंग्ज टाकल्या आणि १–० ने जिंकलो, ते आठवले की अजून अंगावर काटा येतो. म्हणून कर्जाची आणि भागीदारांची भाषा मी थोड्या सावधपणे ऐकतो.

नोव्हेंबर २००१ मध्ये मालकांनी दोन क्लब बंद करण्याच्या बाजूने मत दिले, आणि त्यात ट्विन्सचे नाव घेतले जात होते. हेनेपिन काउंटीच्या न्यायाधीशांनी २००२ चा मोसम मेट्रोडोम या तेव्हाच्या मैदानात खेळलाच पाहिजे असा हुकूम दिला म्हणून संघ वाचला, आणि त्याच वर्षी तो आपला विभाग जिंकला. पुढे २०१० मध्ये टार्गेट फील्ड उघडले. त्याचा मोठा हिस्सा हेनेपिन काउंटीच्या ०.१५ टक्के विक्रीकरातून आला आहे. शंभर डॉलरांच्या खरेदीमागे पंधरा सेंट. काउंटीत राहणाऱ्याने बेसबॉल पाहो न पाहो, केबल घेवो न घेवो, तो हे पंधरा सेंट देतो. तेव्हा मालकांचा हिशेब मांडताना आमचा हिशेबही शेजारी मांडला जावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

आणखी एक जुनी गोष्ट. स्वतःची वाहिनी काढण्याचा प्रयोग ट्विन्सनी पूर्वीही केला होता. २००३ च्या शरदात व्हिक्टरी स्पोर्ट्स वन सुरू झाली. मोठ्या केबल कंपन्यांनी ती घेतली नाही, मोसम सुरू झाला तरी बहुतेक घरांत सामने दिसेनात, आणि मे २००४ मध्ये ती बंद करून क्लब पुन्हा फॉक्सच्या वाहिनीकडे गेला. म्हणजे केबलच्या गठ्ठ्याबाहेर आपला प्रेक्षक कोण आणि किती, हा प्रश्न या क्लबला वीस वर्षांपूर्वीच पडलेला होता. तेव्हापासून प्रेक्षक जोडायला सुरुवात केली असती तर आज इतके हात पसरावे लागले नसते.

लालबागकर:

आता पैशाची बाजू नीट कळली, सर्वांचे आभार. पण ३१ जुलैच्या व्यवहारांबद्दल विचारतो. दुरान दिल्यावर मिक एबल आणि एडुआर्डो टेट आले, जॅक्सच्या बदल्यात टाज ब्रॅडली आला. हे तर होतकरू खेळाडू आहेत. मग सगळेच चुकले असे म्हणता येईल का?

मिसिसिपीकाठ:

सगळे चुकले असे मी म्हणणार नाही. दुरान १०० मैलांच्या वेगाने चेंडू टाकतो, पण तो एका सामन्यात एकच इनिंग टाकतो. चौथ्या क्रमांकावर पडलेल्या संघाने असा क्लोजर (सामना संपवणारा पिचर) देऊन एक सुरुवातीचा पिचर आणि अठरा-एकोणीस वर्षांचा दमदार कॅचर घेतला, तर त्याला मी शहाणपण म्हणेन. बेडर, कॅस्ट्रो, कूलम, टाय फ्रान्स यांचे करार मोसमाअखेर संपणारच होते. त्यांना देऊन जे मिळेल ते घेणे ही रीतच आहे.

माझा आक्षेप दोन नावांवर आहे. पहिले कोरेयाचे. त्याच्यासोबत ट्विन्सनी ह्यूस्टनला ३.३ कोटी डॉलर दिले आणि त्याच्या जागी आला एक खालच्या श्रेणीतला पिचर. कोरेयाचा खेळ २०२५ मध्ये उतरला होता आणि तो ह्यूस्टनला परत जायला तयार होता, हे मला मान्य आहे. तरीही हा व्यवहार संघबांधणीसाठी झाला, असे कोणी म्हणू शकणार नाही. तो पगाराचा बोजा उतरवण्यासाठीच झाला. दुसरे नाव वार्लँडचे. त्याला मिळणारा पगार सर्वांत खालच्या दराचा होता, म्हणजे त्याला देऊन टीव्हीचा खड्डा एका पैशानेही भरत नव्हता. ऑक्टोबरमध्ये तो टोरांटोसाठी वर्ल्ड सिरीजपर्यंत पिचिंग करत राहिला आणि आम्ही ते घरी बसून पाहिले. माझ्या मुलीने त्या सामन्यांत टोरांटोची बाजू घेतली. दोनच वर्षांपूर्वी याच टोरांटोला हरवल्यावर ती माझ्या खांद्यावर चढून नाचली होती.

जमाखर्च:

वार्लँडच्या बाबतीत मी माझे मत बदलतो. आर्थिक कारण देऊन तो व्यवहार समजावता येत नाही. अॅलन रोडेन आणि केंड्री रोहास कसे निघतात ते दिसेलच, पण टीव्हीच्या उत्पन्नाशी त्याचा संबंध नव्हता हे खरे. २०२४ च्या जुलैबाबतही तुमचे म्हणणे मला पटते. तेव्हा संघ शर्यतीत होता, आणि मुदतीपूर्वी आणला काय तर एकटा ट्रेव्हर रिचर्ड्स, ज्याला महिन्याभरात सोडूनही दिले. १७ ऑगस्टला ७० विजय आणि ५३ पराभव अशा स्थितीत असलेला संघ त्यानंतर १२ जिंकला आणि २७ हरला. जो रायन खांद्याच्या दुखापतीने बाहेर होता, त्याच्या जागी अनुभवी पिचर नव्हता. ग्रेची जागा भरली असती तर तो मोसम वाचला असता, असे मीही त्या वेळी म्हणत होतो. ५० लाख डॉलर वाचवण्यासाठी प्लेऑफचे घरचे दोन सामने घालवले, तर तो हिशेब कोणत्याही वहीत जुळत नाही.

माझा मूळ मुद्दा मात्र कायम आहे. एका क्लबने शहाणपणाने वागून हा प्रश्न सुटणार नाही. डिसेंबर २०२६ च्या पहिल्या तारखेला मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातला करार संपतो. देशपातळीवरचे मोठे करार २०२८ पर्यंत आहेत. त्यानंतर सर्व तीस संघांचे स्थानिक सामने एकत्र विकावेत, अशी आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांची इच्छा त्यांनी अनेकदा बोलून दाखवली आहे. लालबागकरांनी सांगितलेली आयपीएलची पद्धत साधारण तीच. पण डॉजर्सचा करार त्याच्याही पुढे बरीच वर्षे चालणार आहे, आणि ते आपला वाटा सहजासहजी सोडतील असे वाटत नाही.

मक्याचे शेत:

एकत्र विकले तर किमान काळी पाटी तरी जाईल. माझ्यासाठी तेच सर्वांत मोठे.

सागरकिनारा:

जमाखर्च, लीगने एकत्र विकेपर्यंत २०२८ उजाडेल. तोवर ट्विन्सच्या हातात आहे ते बायरन बक्स्टन, जो रायन आणि पाब्लो लोपेझ. बक्स्टनच्या करारात त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठे पाठवता येत नाही. राहिले दोन पिचर. आम्ही २०२३ च्या हिवाळ्यात स्नेल आणि हेडर या दोघाही पिचरांना जाऊ दिले होते, पण पुढचा मोसम कोण टाकणार हे आधी ठरवून. तुमच्याकडे तसे काही ठरलेले दिसते का?

मिसिसिपीकाठ:

ठरलेले दिसत नाही, आणि म्हणूनच हा धागा मी हिवाळ्यात काढला. रायन आणि लोपेझ यांच्यासाठी मागणी येणार हे उघड आहे. लोपेझला आम्ही लुईस अराएझ देऊन आणले होते. त्या वेळी मी रागावले होते, कारण अराएझने नुकतेच बॅटिंगचे विजेतेपद मिळवले होते, पण लोपेझने २०२३ च्या त्या पहिल्या सामन्यात चेंडू टाकला तेव्हा माझा राग गेला. व्यवहार चांगला असेल तर प्रेक्षक समजून घेतो. लोपेझचा करार चार वर्षांचा साडेसात कोटींच्या आतला आहे, म्हणजे आजच्या भावात स्वस्त. रायनचा पगार त्याहूनही कमी. हे दोघे गेले तर वाचणारा पैसा फार नसेल, आणि ट्विन्स टीव्हीवर दर पाचव्या दिवशी हमखास लावावा असा सामना उरणार नाही.

मी क्लबच्या कार्यालयाला पत्र लिहिले आहे. त्यात दोनच गोष्टी मागितल्या आहेत. रायन आणि लोपेझ यांना निदान जुलैपर्यंत ठेवावे, आणि वर्गणी किती लोकांनी भरली तो आकडा जाहीर करावा, म्हणजे आम्हालाही कळेल की आमच्या शंभर डॉलरांनी खड्ड्याचा कोणता कोपरा भरला. डोमचे दिवस, तुम्ही विक्रीकराचा जो मुद्दा मांडलात तो मी तुमची परवानगी गृहीत धरून त्यात घातला आहे. आमच्या घरातली कालच्या खरेदीची पावती माझ्या समोर आहे. तिच्यावरच्या कराच्या ओळीत टार्गेट फील्डचे पंधरा-वीस सेंट आजही आहेत.

डोमचे दिवस:

परवानगी आहे. माझीही सही घाला. आणि तुमच्या मुलीला विचारा, तिला सही करायची आहे का.

मिसिसिपीकाठ:

विचारले. ती म्हणाली, वार्लँडचे नाव त्यात आहे का ते आधी दाखव. नव्हते. आता घातले आहे, आणि तिने सही केली.